चार वाफे आणि साती आसरा

"चेअरमनच्या दारात फुलं नसतील तर तो चेअरमन कसला!"

जीपमधून एक पाय खाली टाकता टाकताच सुंदररावांनी ही घोषणा केली. समोर ऐकायला फक्त त्यांची बायको होती. गीताबाई रिकाम्या घागरी पुढ्यात मांडून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "पिशवीत पाणी हाय का?"

"पाणी कुटलं? बिया हायेत! झेंडूच्या! इकडच्यावानी गावठी न्हाईत, कोबीच्या गड्ड्याएवढं फूल येतंय!"

"मंग ठेवा कोनाड्यात," गीताबाई म्हणाली, आणि पुन्हा वाटेकडे बघायला लागली.

आता चिंचखोरीचा चेअरमन म्हणजे काय चीज आहे, ते आधी सांगायला हवं. नेकनूरच्या पलीकडे रस्ता माळावर चढून दमतो, तिथं हे गाव. गावात एक दूध उत्पादक सहकारी संस्था. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली, थोडे कॅन, एक काटा आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत सुंदरराव. "या चेअरमन, बसा चेअरमन" ही हाक त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की घरात बायकोनं नुसतं "आवो" म्हटलं तर ते बराच वेळ ओ देत नसत. ती दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे असं त्यांना वाटे.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, हापशातून नुसता वारा येत होता, आणि टँकर यायचा तो ड्रायव्हरच्या मर्जीनं. अशा वेळी गावाला दिशा दाखवायची कुणी? चेअरमननं! उन्हाळ्याच्या तोंडालाच सुंदररावांनी संस्थेत ठराव मांडला: पाऊस पडेपर्यंत पाणी फक्त माणसाला आणि जनावराला. झाडाला, वेलाला, कुंडीला एक थेंब नाही. जो घालेल त्याचं दूध संस्था घेणार नाही!

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की सुंदररावांना थांबणं जमत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारोदार तपासणीला निघाले, आणि पहिल्याच घरात त्यांना गुन्हेगार सापडला!

घर छबुकाकूंचं. एकटी बाई, एक म्हैस, आणि म्हशीच्या छपरावर चढवलेला दोडक्याचा वेल. वेलाच्या बुडाशी तळहाताएवढी ओल होती.

"काकू, हे काय हाय?"

"भांडी इसळल्यालं पाणी हाय, बाबा. फेकायचंच व्हतं."

"पाणी ते पाणी! ते म्हशीला कावून न्हाई पाजलं? ठराव झालाय, ठराव! गाव मरायलंय आन् तुमी दोडके खायलाव!"

सुंदरराव बराच वेळ बोलत राहिले, कारण तोवर कुंपणाशी माणसं जमली होती. छबुकाकूंनी वेलाला पाणी घालणं सोडलं. वेल वाळून गेला, छपरावर नुसत्या काड्या लोंबत राहिल्या. पुढच्या सभेत सुंदररावांनी हा किस्सा उदाहरण म्हणून सांगितला. नाव घेऊन!

असा हा कडक माणूस. आणि मग आला अभ्यास दौरा.

पश्चिमेकडच्या कालव्याच्या मुलखात सहकार कसा चालतो ते बघायला तालुक्यातल्या चेअरमन मंडळींची एक जीप भरून गेली. मंडळींनी आधी बासुंदीचा अभ्यास केला, मग श्रीखंडाचा. दूध थंड करायची यंत्रं बघताना सगळ्यांनाच झोप आली. पण तिथल्या चेअरमनच्या बंगल्यासमोर सुंदररावांची झोप साफ उडाली. दारापुढे फुलांचे वाफे! कडेनं तिरक्या विटा, विटांना चुना, आणि आत नुसता पिवळा-केशरी भडका! त्या चेअरमननं सहज विचारलं, "तुमच्याकडे काय काय फुलतं?"

"सगळंच!" सुंदरराव म्हणाले.

त्या वेळी चिंचखोरीत फुललेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाभळीवरची बांडगुळं. पण ते सांगायची ती जागा नव्हती.

"आवो, पर ठराव कुणी मांडलता?" दौऱ्यावरून आलेल्या त्याच रात्री भाकरीला बसल्यावर गीताबाईनं विचारलं.

"ठराव पाण्याचा हाय. खंदायचा न्हाई!" सुंदररावांनी घास हातात धरून कायदा समजावला. "आत्ता नुसते वाफे करून ठिवायचे. कोरडे! मिरगाचा पाऊस पडला की बी टाकायचं. कुटं बसतंय ठरावात?"

"आन् लोकानं इचारलं तर?"

"लोकाला काय करायचंय!"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण लोकांनी विचारल्यामुळेच घडलं.

सुंदररावांचा धाकटा भाऊ आश्रुबा. अंगानं रेड्यासारखा, मनानं वासरासारखा, आणि बोलायला अगदी काटकसरी. त्याच्या हातात कुदळ दिली की कुठं थांबायचं ते त्याला कळत नसे. "चार वाफे कर, वीतभर खोल," एवढं सांगून सुंदरराव दाढी करायला बसले. एक गाल करून बाहेर येऊन बघतात तर आश्रुबा गुडघ्याएवढ्या खड्ड्यात! अंगणात एका ओळीत चार खड्डे, शेजारी मुरमाचे ढीग. अंगणाला लागूनच बीडचा रस्ता.

आणि रस्त्यावर, दुकानाची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता रेवणप्पा.

रेवणप्पाचं किराणा दुकान बरोबर समोर. संस्थेचा तोही एक संचालक. मीठ मागायला गेलेल्या माणसाला मिठाबरोबर गावातली एक बातमी मिळायची, आणि बातमी मापानं जास्तच भरायची.

"चेअरमनसायेब," रेवणप्पा खड्ड्यात वाकून म्हणाला, "काय खंदायलाव एवढं?"

सुंदररावांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. रेवणप्पाच्या मागून बायका डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन निघाल्या होत्या. त्यात छबुकाकूही होत्या. 'फुलं लावायलोय' हे शब्द ओठापर्यंत आले, आणि त्या घागरी बघून तिथंच आपटले. एवढी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"हे आपलं... बघायलोय," ते पुटपुटले.

"पाणी?" रेवणप्पानं डोळे बारीक केले.

सुंदरराव "हं" म्हणाले. हं! एवढंच! तेही साबण तोंडात जात होता म्हणून, असं त्यांनी पुढं आयुष्यभर सांगितलं.

पण रेवणप्पाला तेवढं पुष्कळ झालं. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं की चेअरमन पाणी शोधायलेत. दुसऱ्याला सांगितलं की ओल लागली. तिसऱ्याला साखर बांधून देता देता सांगितलं की पाणी लागलंय, पण चेअरमन मोठा माणूस, आताच बोलायचं नाही म्हणतात. सुंदरराव संस्थेच्या कामाला नेकनूरला निघाले, तर फाट्यापर्यंत माणसं उठून नमस्कार करत होती. एक म्हातारा तर म्हणाला, "चेअरमन असावा तर असा! गावासाठी सवताचं आंगण उकरलं!"

आता इथं थांबून खरं सांगायला काय हरकत होती? पण नमस्कार आधी आला ना! आलेला नमस्कार परत कसा करायचा? सुंदररावांनी मान किंचित लववली आणि ते एसटीत चढले. मनातून मात्र पार ओशाळले होते.

इकडे आश्रुबानं मागे काय केलं? दावणीचं शेणखत आणून, कोरड्या तळ्यातला गाळ घालून खड्डे भरले, वाफे सारखे केले, आणि कोनाड्यातली पिशवी काढून दोरी लावून, वीत-वीत अंतरावर झेंडू पेरून टाकला. आपल्याकडे कोरड्या मातीत पेरून पावसाची वाट बघतात, धूळपेर म्हणतात तिला. वाफा तयार, बी घरात, मग थांबायचं कशाला? आणि यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो बैलं घेऊन चाऱ्याच्या छावणीवर गेला, तो तिथंच राहिला.

रात्री उशिरा परतलेल्या सुंदररावांनी सकाळी उठून बुजवलेले खड्डे बघितले आणि सुटकेचा श्वास टाकला. खड्डा नाही म्हणजे प्रश्न नाही! पण तेवढ्यात रस्त्यावरून रेवणप्पा एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला.

हा सटवा. धारूरच्या डोंगरातला नावाजलेला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचा, आणि जिथं नारळ उभा राहील तिथं खाली पाणी, असा त्याचा हिशेब. आज सटवा रागात होता. त्याच्याशिवाय पंचक्रोशीत पाणी सापडलं, म्हणजे धंदाच बुडाला!

"कुनी बघितलं पानी?" त्यानं दरडावून विचारलं.

"चेअरमननं सवता," रेवणप्पा म्हणाला.

सटवा विचारात पडला. चेअरमनला खोटं पाडावं तर पंचाईत. खरं मानावं तर निदान त्यात आपलं नाव तरी लावून घेता येईल! त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, नारळ तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि पहिल्या वाफ्यावर गेला. नारळ उभा! दुसऱ्यावर गेला. उभा! तिसऱ्यावर तर नारळ असा ताठ झाला, की सटवालाच दोन्ही हात लावावे लागले.

"चार झरे हायेत!" सटवा ओरडला. "एका रांगेत! असं पानी म्या बापजन्मी न्हाई बघितलं!"

"मंग खड्डे भरून कावून टाकले?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नजर लागती, येड्या! पानी उघडं पडलं की खाली जातंय. चेअरमनला मालूम हाय समदं!"

सुंदररावांना काहीच मालूम नव्हतं. पण त्यांच्या खोट्याला आता त्यांच्याशिवायच पाय फुटले होते, आणि ते त्यांच्यापेक्षा जोरात धावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघतात तर अंगणात बायकाच बायका! पुढं छबुकाकू. त्यांनी ओच्यातून सात गुळगुळीत दगड काढून वाफ्यांच्या मधोमध मांडले, शेंदूर लावला, हळदकुंकू वाहिलं. पाण्याच्या जागेवर साती आसरांचा वास असतो. त्या पाण्याच्या बाया, त्यांना आधी राजी करावं लागतं.

"पाणी बोलवायचं तर पाणी दावावं लागतंय," छबुकाकूंनी सगळ्यांना सांगितलं. "घरटी एक तांब्या. रोज सकाळी."

आणि बायका एकेक करून वाफ्यांवर तांब्या ओतायला लागल्या. सुंदररावांच्या डोळ्यांसमोर! ज्या पाण्यासाठी त्या टँकरमागे पळत होत्या, ज्यासाठी काल दोघींच्या झिंज्या एकमेकींच्या हातात आल्या होत्या, ते पाणी! मातीत ते पडलं की चर्र आवाज येई, आणि तो आवाज सुंदररावांच्या थेट काळजात होई.

"आवो, नका! नका ओतू!" ते धावत आले. "पाणी वाया नका घालू! ठराव हाय!"

"ठराव झाडाला हाय, चेअरमन," छबुकाकू म्हणाल्या. "देवाला न्हाई."

मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि चक्क हात जोडले. "माझा वेल वाळला तवा मी मनात लई शिव्या दिल्या तुमाला. आज माफी मागते. तुमाला गावाची एवढी कळकळ हाय, हे मला मालूम नव्हतं. मला वाटलं, नुसतेच मिरवायलेत."

सुंदररावांना वाटलं, आता जमीन फाटावी. पण दुष्काळात जमीन आधीच जागोजाग फाटलेली, आणि एकही भेग त्यांच्या मापाची नव्हती.

"सांगून टाका की," आत आल्यावर गीताबाई म्हणाली.

"उद्या सांगतो."

"उद्या त्या आनिक एक तांब्या ओततील."

"तर काय सांगू? गाव पाणी पाणी करायलंय आन् मला झेंडू पायजे व्हता म्हणून?"

"हाव. तेच सांगा. तेच खरं हाय."

खरं होतं, म्हणूनच तर सांगवत नव्हतं! सुंदरराव रोज सकाळी ठरवत, आज सांगायचं. रोज सकाळी बायका तांबे घेऊन येत. कुणी ओतता ओतता मनातला नवस पुटपुटे, कुणी कडेवरच्या लेकराचा हात तांब्याला लावे. ते बघून सुंदरराव तसेच मागे फिरत. जेवण गोड लागेना. आपल्या घागरीतलं पाणी पितानाही ठसका लागे. एकदा त्यांनी हिय्या करून रेवणप्पाला गाठलं. "अप्पा, समजा... हितं पाणी नसलंच तर?"

"काय नम्र माणूस बे!" रेवणप्पा दुकानातल्या लोकांकडे वळून म्हणाला. "सवताच्या पाण्याचा गर्व म्हून न्हाई!"

आणि मग संस्थेची सभा भरली. रेवणप्पा उठला आणि म्हणाला, बोअरचं मशीन आणू. सभासदांचा दिवाळीचा बोनस संस्थेकडे शिल्लक आहे, तो यात घालू. दिवाळी मेली तरी चालेल, गाव जगलं पाहिजे! सगळे हात वर झाले. छबुकाकूंचाही झाला. एका म्हशीवर जगणाऱ्या त्या बाईनं लुगड्याचा पदर सावरून हात चांगला उंच धरला होता, कुणाला दिसला नाही असं होऊ नये म्हणून.

"चेअरमन, दोन शब्द बोला!"

सुंदरराव उठले. दोन शब्द त्यांच्याजवळ होते: 'खोटं हाय.' त्यांनी तोंड उघडलं, आणि कुणीतरी गळ्यात हार घातला. दुष्काळ असल्यामुळे हार कागदी होता. तो त्यांच्या तोंडावरच आला आणि टाळ्यांत सभा संपली.

मशीन यायच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं धूळ उठली म्हणून गीताबाईनं आसरांवर आणि वाफ्यांवर पोती झाकून ठेवली होती. सकाळी मशीन धुरळा उडवत दारात येऊन उभं राहिलं. लांबलचक ट्रक, वर लोखंडी मनोरा, आणि मागं सगळं चिंचखोरी. ढोलकी होती. सटवा नवा फेटा बांधून आला होता. रेवणप्पानं दुकान बंद ठेवलं होतं, आणि तसं त्यानं बापाच्या तेराव्यालाही ठेवलं नव्हतं.

"कुठं मारायचं सांगा," मशीनवाला म्हणाला.

सुंदरराव पुढे झाले. आता नाही तर कधीच नाही! संस्थेचा पैसा, लोकांची दिवाळी, छबुकाकूंचा तो उंच धरलेला हात! त्यांनी कपाळाचा घाम पुसला, गळा साफ केला आणि म्हणाले, "थांबा! मला काय तरी सांगायचंय!"

हे मात्र खरंच. ते सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते!

पण तोवर रेवणप्पानं पोती ओढली. आणि त्याचा आवाज चिरकला. "पाणी! आरं पाणी वर आलं! हिरवं झालंय बघा!"

चारी वाफ्यांवर कोवळे हिरवे कोंब उभे होते. गर्दीनं एकच गलका केला. बायका गुडघ्यांवर बसल्या, कुणी जमिनीला डोकं टेकवलं. "आसरा पावल्या! पावल्या!" सटवानं नारळ फोडून टाकला. सुंदरराव थक्क होऊन बघत राहिले. क्षणभर, खरं सांगतो, त्यांनाही वाटलं, की पावल्याच की काय!

मग हळूहळू गलका कमी व्हायला लागला. कारण गर्दी शेतकऱ्यांची होती. शेतकरी डोकं टेकवतो, पण डोळे उघडे ठेवतो.

"सटवा," एकानं विचारलं, "आसरा अशा रांगत उगवत्यात का?"

"आं?"

"वीत-वीत अंतर हाय. दोरी लावल्यावानी."

सटवानं फेटा सारखा केला. "शिस्त असती त्येंच्यात," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात गर्दीला कोपरानं बाजूला सारत आश्रुबा आत आला. छावणीवरून नुकताच पोचला होता, बैलाचा दोर अजून खांद्यावर होता. त्यानं वाफे बघितले, आणि त्या मुक्या माणसाचा चेहरा असा उजळला की काय सांगावं.

"दादा!" तो आनंदानं ओरडला. "धूळपेर उगवली की! तुजा झेंडू! पाऊस कवा झाला?"

ढोलकीवाल्यानं ढोलकी हळूच काखेत घातली. आश्रुबानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला वाटलं, लोकांना फुलं कोणती ते कळलेलं नाही. म्हणून त्यानं जन्मात केलं नव्हतं एवढं लांब भाषण केलं. "दादानं दौऱ्यावून बी आणलतं. चेअरमनच्या दारात फुलं पायजेत म्हणला. म्हणून मी वाफे खंदले."

झालं! गावच्या गाव सुंदररावांकडे वळलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी दगड उचलला असता तर सुंदररावांनी डोकं पुढे केलं असतं. पण सगळे नुसते बघत होते. आपापले तांबे आठवत असतील. शरमेनं सुंदररावांचे कान तापले, डोळे भरून आले. "चुकलो," ते म्हणाले. "मला लाज वाटली सांगायची." आवाज इतका बारीक आला, की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणले?

"लाज वाटली म्हणतेत," रेवणप्पानं मागं वळून मोठ्यानं सांगितलं. बातमी सांगायची त्याची सवय अशा वेळीही सुटली नाही.

मशीन माघारी गेलं. त्याच्या येण्याजाण्याचा भुर्दंड सुंदररावांनी खिशातून भरला. सटवा कधी नाहीसा झाला ते कुणाला कळलंच नाही, फुटका नारळ मात्र घेऊन गेला. आश्रुबा रडवेला होऊन रोपं उपटायला खाली वाकला.

"हात लावू नको!"

छबुकाकू होत्या. त्यांच्या हातात त्या सकाळचा तांब्या तसाच भरलेला होता. गावानं वाट दिली. त्या वाफ्यापाशी आल्या, बसल्या, आणि रोजच्यासारखा तांब्या सावकाश रोपांच्या बुडाशी रिकामा केला.

"काकू, नका," सुंदरराव कळवळून म्हणाले. "माझी लायकी न्हाई."

"तुमची न्हाईच," छबुकाकू म्हणाल्या. "लाज तुमाला वाटू द्या. रोपाला तहान कावून?"

त्या उठल्या. पदराला हात पुसले. "पर हा शेवटचा तांब्या. उद्यापून आमचं पाणी न्हाई. आंघोळ करता का न्हाई तुमी?"

"करतो की."

"कुटं?"

"न्हाणीत."

"उद्यापून हितं करा. वाफ्यात बसून. आन् साबण न्हाई लावायचा, रोपं मरतेत."

बायका हसल्या. आधी एक, मग दोन, मग सगळ्या. सुंदररावांना वाटलं, काकू थट्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी छबुकाकू अंगणाच्या कडेला येऊन बसल्या होत्या, बघायला!

मग काय सांगावं! चिंचखोरीचा चेअरमन पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, झेंडूच्या वाफ्यात दगडावर बसून, बीडच्या रस्त्याला तोंड करून रोज सकाळी आंघोळ करायला लागला! बादली एक आणि वाफे चार. म्हणून डोकं एका वाफ्यात, पाठ दुसऱ्यात, असं सरकत सरकत जावं लागे. बायका पाणी भरायला जाता जाता थांबत आणि शिस्तीत सूचना देत. "चेअरमन, कडंच्या रोपाला मिळालं न्हाई बरं का, जरा तिकडून पाय धुवा!" सकाळची एसटी नेमकी तेव्हाच येई. ड्रायव्हर गाडी हळू करी. प्रवासी एका बाजूला झुकत. रेवणप्पा दुकानात बसून परगावच्या गिऱ्हाइकांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगे, आणि त्याची विक्री त्या उन्हाळ्यात वाढली.

मिरग उशिरा आला, पण आला. झेंडू असा फुलला, की रस्त्यावरचा माणूस थबकून बघे. फुलं बायकांनीच तोडून नेली. छबुकाकूंनी म्हशीच्या गळ्यात माळ घातली. गीताबाई अंबाड्यात खोवायला एक फूल आणायला गेली तर वाफ्यात नुसती पानं उरली होती. ती परत आली आणि नवऱ्याला काही बोलली नाही, हे सुंदररावांना सगळ्यात जास्त लागलं.

संस्थेची निवडणूक झाली. सुंदररावांनी आपण होऊन अर्ज भरला नाही. पण दुसराही कुणी भरेना. रेवणप्पाला सगळ्यांनी आग्रह केला, तर तो कानाला हात लावून म्हणाला, "नको रे बाबा! चेअरमन झालं की रस्त्यावर आंघोळ करावी लागती!" शेवटी बिनविरोध पुन्हा सुंदररावच. हारही तोच, कागदी.

पुढं घरासमोर एसटीचा थांबा झाला. त्याला महामंडळानं काय नाव दिलं असेल ते असेल, पाटी कुणी वाचलेली नाही. कंडक्टर घंटीची दोरी ओढतो आणि ओरडतो, "चेअरमनची न्हाणी! चला, न्हाणीवाले उतरा!"

सुंदरराव हल्ली एक थांबा अलीकडेच उतरतात आणि भर उन्हात माळ चढून घरी येतात. कुणी विचारलं तर सांगायचं, की डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

अजून कुणी विचारलेलं नाही.